राख कुठे आहे ते तिकीटवाल्यालाही दाखवा: डीजीसीए आणि हवामान खात्याला खुलं पत्र

प्रति,
मा. महासंचालक, नागरी विमान वाहतूक महासंचालनालय (डीजीसीए),
मा. महासंचालक, भारतीय हवामान विभाग (आयएमडी),
आणि भारतातून विमानं उडवणाऱ्या सगळ्या कंपन्यांचे ऑपरेशन्स सांभाळणारे अधिकारी

स.न.वि.वि.

सरळ मुद्द्यावर येतो. २३ नोव्हेंबर २०२५ ला, रविवारी, इथिओपियाच्या अफार भागातला हायली गुब्बी ज्वालामुखी फुटला, तेव्हा आपल्याकडे दुपार होती. गेल्या दहा-बारा हजार वर्षांत हा डोंगर फुटल्याची कुठे नोंदच नव्हती त्यामुळे त्याचं नाव आपण सोडा, त्या विषयातल्या बऱ्याच लोकांनीही फारसं घेतलेलं नसेल. राख ४५ हजार फुटांपर्यंत चढली, म्हणजे जवळजवळ १४ किलोमीटर. तिथल्या जोरदार वाऱ्यात सापडून ती तांबडा समुद्र ओलांडून येमेन, ओमान करत अरबी समुद्रावर आली आणि सोमवारी रात्री गुजरातवरून भारतात शिरली. मग राजस्थान, दिल्ली, हरियाणा, पंजाब, आपल्या महाराष्ट्राच्या वायव्य भागावरूनही काही अंश गेला, आणि मंगळवारी संध्याकाळपर्यंत ती चीनच्या दिशेला सरकली.

हे सगळ्यांनी टीव्हीवर बघितलंय. मला बोलायचंय ते मधल्या तासांबद्दल. स्फोट रविवारी दुपारी आणि राख आपल्या डोक्यावर सोमवारी रात्री, म्हणजे मधे एक आख्खा दिवस आणि वर काही तास. अफारपासून मुंबई साडेतीन हजार किलोमीटरच्या आसपास आहे, तेवढा वेळ लागणारच. आणि त्या सगळ्या वेळात कोणी झोपलेलं नव्हतं हे मला माहितीये. फ्रान्समधल्या तुलूझचं केंद्र ठरल्या वेळी राखेचे नकाशे काढत होतं, डीजीसीएने सोमवारीच कंपन्यांना लेखी सांगितलं की राखेचा भाग आणि त्या उंच्या कटाक्षाने टाळा, इंजिनमध्ये काही वेगळं जाणवलं किंवा केबिनमध्ये धूर-वास आला तर लगेच कळवा, विमानतळांना सांगितलं की रनवे तपासा. अकासाने जेद्दा, कुवेत, अबूधाबीच्या फ्लाइट रद्द केल्या, एअर इंडियाने त्या पट्ट्यावरून आलेली विमानं तपासायला बाजूला काढली आणि त्यासाठी फ्लाइट रद्द केल्या. हे बरोबरच केलं, याबद्दल आधी मनापासून आभार मानतो, कारण विमान जमिनीवर ठेवायचा निर्णय घेणाऱ्याला शिव्याच जास्त मिळतात.

पण ज्याच्या हातात तिकीट होतं त्याला यातलं काय कळलं? माझा मेहुणा मस्कतला नोकरीला आहे. सुट्टी संपवून रत्नागिरीहून रात्रभर प्रवास करून तो मुंबईला पोचला, सोमवारी रात्रीची फ्लाइट. बॅगेत कोकम, कुळथाचं पीठ, सासूबाईंनी बांधून दिलेले लाडू. आधी मेसेज आला फ्लाइट लेट, मग परत लेट, मग कॅन्सल, आणि कारण काय तर ‘ऑपरेशनल रीझन’. काउंटरवरच्या मुलीला विचारलं तर ती बिचारी म्हणाली सर आम्हाला पण एवढंच आलंय सिस्टिमवर. रांगेत त्याच्या पुढे उमराहला निघालेली आपल्या कोकणातलीच म्हातारी माणसं होती, पासपोर्टची पिशवी छातीशी धरून, त्यांना तर ऑपरेशनल म्हणजे काय हेही माहीत नव्हतं, त्यांना वाटलं आपल्या व्हिसातच काहीतरी घोळ झाला. कंपनीचं नाव मी घेत नाही कारण हा एका कंपनीचा प्रश्न नाहीये, हा तुमच्या सगळ्यांच्या मधे जी फट राहिलीय तिचा प्रश्न आहे.

आणि त्या फटीत काय भरलं ते पण बघा. आमच्या ग्रुपवर त्या रात्री फॉरवर्ड फिरत होते की उद्या ॲसिडचा पाऊस पडणार, मास्क लावा, छतावरचं पाणी पिऊ नका, दिल्लीतल्या लोकांना श्वास घेता येणार नाही. खरं म्हणजे राख होती हजारो फूट वर आणि हवामान खात्याचंच म्हणणं होतं की खाली जमिनीवरच्या हवेवर तिचा विशेष परिणाम होणार नाही. म्हणजे ज्याला धोका नव्हता तो खाली घाबरून बसला आणि ज्याच्या प्रवासाशी खरंच संबंध होता त्याला कोणी धड कारण सांगेना. हे उलटं झालं की नाही?

आता काही जण म्हणतील की पब्लिकला एवढं सांगून काय करायचंय, फ्लाइट रद्द झाली एवढं कळलं की पुरे. मला हे मान्य नाही. कारण लोकांना जर राख म्हणजे नेमकं काय ते कळलं नाही तर ते विमान उडवायचाच आग्रह धरणार, काउंटरवर भांडणार, आणि कधीतरी एखाद्या कंपनीचा मॅनेजर त्या दबावाखाली येणार. म्हणून मी हे इथे नीट लिहितोय, तुम्हाला माहीत असलं तरी, कारण हे पत्र तुमच्याबरोबर इतरही वाचतील.

ज्वालामुखीची राख म्हणजे दगडाची आणि काचेची पूड. सूक्ष्मदर्शकाखाली बघितली तर एकेका कणाला धारदार कडा असतात, फुटलेल्या बरणीच्या तुकड्यांसारख्या. ती पाण्यात विरघळत नाही, जळून जात नाही. जेट इंजिनात हवा आत खेचली जाते, दाबली जाते, तिच्यात इंधन जळतं, आणि तिथलं तापमान १४०० अंशांच्याही वर जातं. राखेतली काच साधारण ११०० अंशांच्या आसपास वितळते. म्हणजे ती आत जाताना पूड असते, मधे पातळ काच होते आणि टर्बाइनच्या तोंडाशी जी स्थिर पाती असतात त्यांच्यावर जाऊन चिकटते, तिथून हवा जायची वाट अरुंद होते, इंजिन गुदमरतं आणि बंद पडतं. त्याच वेळी बाहेर कॉकपिटची काच घासली जाते, पुढच्या पात्यांच्या कडा झिजतात, वेग मोजणाऱ्या नळ्या बुजू शकतात. यात अजून एक गोष्ट आहे जी मला सगळ्यात भयंकर वाटते. विमानाच्या नाकातलं हवामानाचं रडार पावसाचे थेंब बघायला बनवलेलं असतं, राखेचे कण त्याला दिसतच नाहीत इतके बारीक असतात. रात्र असेल तर डोळ्यांनाही दिसत नाही. पायलटला पहिली खबर लागते ती गंधकाच्या वासाने किंवा काचेवर नाचणाऱ्या निळसर ठिणग्यांनी, म्हणजे आत शिरल्यावर.

हे घडलेलं आहे. २४ जून १९८२, ब्रिटिश एअरवेजची फ्लाइट ९, लंडनहून निघालेली आणि मुंबईलाही थांबा असलेली, क्वालालंपूर सोडून पर्थकडे चालली होती. जावा बेटाच्या दक्षिणेला ३७ हजार फुटांवर, रात्री, गालुंगगुंग ज्वालामुखीच्या राखेत ते जंबो शिरलं आणि थोड्या मिनिटांत एकामागून एक चारही इंजिनं बंद. आत २६३ माणसं. कॅप्टन एरिक मूडी आणि त्यांचे सहकारी विमान नुसतं तरंगत खाली आणत परत परत इंजिनं चालू करायचा प्रयत्न करत होते, आणि साधारण १३ हजार फुटांवर आल्यावर ती पेटली. का पेटली? कारण बंद पडलेलं इंजिन थंड झालं, चिकटलेली काच कडक होऊन तडकली आणि तिचे तुकडे उडून गेले. जकार्ताला उतरताना समोरची काच घासून एवढी पांढरी झाली होती की पुढचं नीट दिसत नव्हतं, कडेच्या थोड्याशा स्वच्छ पट्टीतून बघत उतरवलं. सगळे वाचले. पुढे १५ डिसेंबर १९८९ ला अलास्कात रिडाउट ज्वालामुखीच्या राखेत केएलएमचं जवळजवळ कोरं ७४७-४०० सापडलं, परत चारही इंजिनं बंद, चार किलोमीटरहून जास्त खाली आल्यावर चालू झाली, माणसं वाचली पण दुरुस्तीचं बिल ८ कोटी डॉलरच्या घरात गेलं. तिथे एक गोष्ट शिकायला मिळाली जी आता पायलटांना शिकवतात, राखेत सापडलं की पॉवर वाढवून वर पळायचं नाही, पॉवर कमी करायची म्हणजे इंजिन थंड राहतं, आणि आल्या वाटेने मागे वळायचं. माणसाचा स्वभाव नेमका याच्या उलट सांगतो.

या दोन घटनांनंतर जगाने व्यवस्था उभी केली. जगभरात राखेवर नजर ठेवणारी ९ केंद्रं आहेत, व्हॅक म्हणतात त्यांना, लंडन, तुलूझ, टोकियो, डार्विन, वेलिंग्टन, वॉशिंग्टन, अँकरेज, माँट्रियल आणि ब्यूनस आयर्स. आपला बहुतेक देश तुलूझच्या वाट्याला आहे, आफ्रिका आणि मध्यपूर्वेसकट. अंदमानातल्या बॅरन बेटाची राख मात्र ऑस्ट्रेलियातलं डार्विन बघतं. ही केंद्रं सल्ला देतात, तो आपल्या हवामान खात्याच्या मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नईच्या कार्यालयांत येतो, तिथून आपापल्या आकाशापुरता सिग्मेट म्हणजे धोक्याचा इशारा निघतो, तो कंट्रोलर आणि पायलट यांच्याकडे जातो. मुंबईच्या वाट्याचं आकाश पश्चिमेला अरबी समुद्रावर पार मस्कतच्या हद्दीला भिडेपर्यंत पसरलेलं आहे, म्हणजे मुंबईहून गल्फला जाणारी प्रत्येक फ्लाइट त्यातून जाते. त्यामुळे आफ्रिकेतून येणारी राख आपल्याकडे पहिल्यांदा मुंबईच्याच टेबलावर येणार हे उघड आहे.

तुलूझचा तो सल्ला मी वाचलाय, कोणीही वाचू शकतं, तो गुपित नाहीये. ज्यांनी कधी बघितला नाही त्यांच्यासाठी सांगतो. सगळा मजकूर मोठ्या अक्षरांत, तारेच्या भाषेत. वरती तारीख आणि वेळ, जागतिक वेळेप्रमाणे, म्हणजे आपल्या घड्याळासाठी त्यात साडेपाच तास मिळवायचे. मग ज्वालामुखीचं नाव, जागा, माहिती कुठून मिळाली, रंगाचा कोड, त्यात रेड सगळ्यात वरचा. मग राखेचा ढग आत्ता कुठे आहे ते अक्षांश-रेखांशांच्या ओळीत, कोपरे जोडले की नकाशावर एक वेडावाकडा तुकडा तयार होतो, आणि उंची एफएल ४५० अशी, म्हणजे ४५ हजार फूट. खाली ६ तासांनी, १२ तासांनी, १८ तासांनी तो तुकडा कुठे सरकलेला असेल त्याचे तीन अंदाज. शेवटी पुढचा सल्ला किती वाजता येणार ते. बस एवढंच. दहावीच्या भूगोलात अक्षांश-रेखांश शिकलेल्या पोराला कोरा नकाशा दिला तर तो अर्ध्या तासात हे काढून दाखवेल, मी शिक्षक आहे म्हणून खात्रीने सांगतो. मग हाच नकाशा तयार होऊन, आपल्या वेळेत, आपल्या भाषेत, मुंबई-दिल्ली-अहमदाबाद अशी गावं टाकून, आयएमडीच्या पानावर दर सहा तासांनी का येऊ नये?

आणि हे तुम्हाला जमत नाही असं नाहीच. पावसाळ्यातला यलो, ऑरेंज, रेड अलर्ट तुम्ही इतका घरोघर पोचवलात की आज बांधावरचा शेतकरी पण म्हणतो उद्या ऑरेंज आहे, पेरणी थांबवू. चक्रीवादळाचा मार्ग, तो शंकूसारखा नकाशा, आमच्या मिरकरवाड्यातले खलाशी मोबाइलवर उघडून बसतात. ज्या खात्याने एवढं करून दाखवलं त्याच खात्याकडे मी हे मागतोय. लोक शिकतात हो, त्यांच्यासमोर ठेवलं की शिकतात.

आता थोडं माग काढण्याबद्दल, कारण इथे आपल्या देशाचं स्वतःचं काही करण्यासारखं आहे असं मला वाटतं. उपग्रहाला राख कशी दिसते? साध्या फोटोत ती करडी-तपकिरी दिसते पण रात्री फोटो नाही आणि दिवसाही ती ढगात मिसळली की कळत नाही. म्हणून अवरक्त किरणांत दोन वेगवेगळ्या तरंगलांबींवर बघतात, साधारण ११ आणि १२ मायक्रॉन. पाण्याचा-बर्फाचा ढग या दोन्हींत एका बाजूला झुकतो आणि राख नेमकी उलट्या बाजूला, दोन्हींची वजाबाकी केली की राख वेगळी उठून दिसते. ही युक्ती १९८० च्या दशकापासून माहीत आहे. आपल्या इन्सॅट ३डीआर आणि फेब्रुवारी २०२४ ला सोडलेल्या ३डीएस या दोन्ही उपग्रहांच्या कॅमेऱ्यांत हे दोन्ही चॅनल आहेत, आणि ते चोवीस तास आपल्याकडेच तोंड करून आहेत. ढग दाट असेल, बर्फ जास्त असेल तर ही युक्ती फसते, हेही खरं. मग सल्फर डायऑक्साइड बघतात, तो युरोपच्या सेंटिनल ५पी सारख्या उपग्रहांना छान दिसतो, पण गॅस आणि राख नेहमी एकत्रच जातात असं नाही, वेगवेगळ्या उंचीला वेगवेगळा वारा असतो आणि दोघांची फारकत होते. त्या दोन दिवसांत चॅनलवाले जे रंगीत नकाशे दाखवत होते त्यातले बरेचसे गॅसचे होते आणि खाली पट्टीवर लिहिलेलं होतं राखेचा ढग. हा फरक सांगायचं काम कोणाचं? माझ्या मते आयएमडीचं, त्याच वेळी, दोन वाक्यांत.

आणि सगळ्यात कठीण प्रश्न म्हणजे राख आहे हे कळलं पण किती आहे? इथे मॉडेल वापरतात, वारा घालतात, स्फोटाची उंची घालतात आणि राख पुढे पुढे चालवतात. वाऱ्याचं बरं असतं, तो बऱ्यापैकी अचूक मिळतो. घोळ होतो तो मुळाशी, ज्वालामुखीने माल किती ओकला तिथे. तो बहुतेक वेळा उंचीवरून काढतात आणि उंची दुप्पट झाली तर माल सोळा-अठरा पट होतो असं ते गणित आहे, म्हणजे उंचीत थोडी जरी चूक झाली तरी पुढचा सगळा हिशेब किती हलेल बघा. हायली गुब्बीसारख्या जागी, जिथे आजूबाजूला यंत्रंच धड नाहीत, उंचीसुद्धा उपग्रहावरूनच काढावी लागते. म्हणून अंदाज तपासायला प्रत्यक्ष मोजमाप लागतं.

२०१० ला युरोपने हे फार महागात शिकून घेतलं. आइसलँडचा एयाफ्यात्लायोकुत्ल १४ एप्रिलला फुटला आणि सहा-सात दिवस युरोपचं बरंचसं आकाश बंद, १ लाखाच्या आसपास फ्लाइट रद्द, कोटीभर माणसं अडकली, विमान कंपन्यांचं १७० कोटी डॉलरचं नुकसान झालं असं त्यांच्या संघटनेने सांगितलं. आपले मराठी लोक पण लंडन-फ्रँकफर्टला विमानतळावर झोपले होते तेव्हा. तोपर्यंत नियम साधा होता, राख दिसली की जायचं नाही, कणभर असो की मणभर. आठवडाभर सगळं ठप्प झाल्यावर इंजिनवाले, कंपन्या आणि सरकारं एकत्र बसली आणि आकडे ठरवले, घनमीटरला २ मिलिग्रॅमपर्यंत कमी, २ ते ४ मध्यम, ४ च्या वर जास्त. १९ एप्रिलला जर्मनीच्या डीएलआर या अवकाश संशोधन संस्थेने आपलं फाल्कन विमान मोजणीची यंत्रं लावून राखेच्या थरांची मोजणी करायला वर पाठवलं. पुढे ब्रिटनने तर याच कामासाठी वेगळं विमान तयार ठेवलं. नंतर असाही विचार पुढे आला की नुसती दाटी नाही तर विमान त्यात किती वेळ होतं तेही बघायला पाहिजे, २ मिलिग्रॅममध्ये दोन तास आणि जास्त दाट राखेत थोडा वेळ, दोन्हींचा हिशेब एकत्र. राखेचं प्रमाण आकड्यांत द्यायची पद्धत आता जागतिक पातळीवर येऊ लागलीय. माझा प्रश्न सरळ आहे. आपल्याकडे आकडा कोणता? भारतात राख आली तर फक्त टाळा एवढंच आहे, की कोणत्या प्रमाणाला उडायचं, कोणत्या प्रमाणाला उडून लगेच तपासायचं आणि कोणत्या प्रमाणाला अजिबात नाही, असं लिहिलेलं आहे? असेल तर ते साध्या भाषेत लोकांसमोर ठेवा. आणि कंपनीगणिक वेगळा निर्णय होत असेल, त्याच रात्री त्याच आकाशात एक कंपनी जाते आणि दुसरी जात नाही, तर त्यामागचं कारण पण सांगा, कारण खाली उभ्या माणसाला त्यातून एकच अर्थ लागतो की एक जण उगाच घाबरला किंवा दुसरा धोका पत्करतोय.

मोजणीचं म्हणाल तर पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने २००९ पासून कायपीक्स प्रयोगात विमानाला यंत्रं लावून ढगांतले कण मोजलेत. महाबळेश्वरला त्यांची ढगांवरची उंचावरची प्रयोगशाळा आहे. माणसं आहेत, अनुभव आहे. राखेत विमान पाठवा असं मी म्हणत नाही, तो निर्णय जाणकारांनी घ्यायचा, जर्मनांनी पण कडेकडेने आणि वरून लेझर टाकूनच बघितलं होतं. पण पुढच्या वेळी कोण मोजणार, कोणाच्या परवानगीने, किती तासांत, हे आत्ता कागदावर ठरवून ठेवता येतं. पुणे-मुंबई-दिल्ली यांच्यात एक बैठक, एक ठराव. त्या दिवशी फोन शोधत बसायला लागू नये एवढंच.

कोणी म्हणेल की इथिओपियाचा डोंगर हजारो वर्षांनी फुटला, परत कशाला फुटतोय. पण आपला संबंध एका डोंगराशी नाहीये. जून २०२५ ला दिल्लीहून बालीला निघालेलं विमान इंडोनेशियातला लेवोतोबी ज्वालामुखी फुटला म्हणून अर्ध्यातून परत बोलवावं लागलं, आणि बालीला आता आपल्याकडची किती जोडपी जातात, ट्रॅव्हल कंपन्यांचे बोर्ड बघा. बॅरन बेट पोर्ट ब्लेअरपासून १४० किलोमीटरच्या आत आहे, सप्टेंबर २०२५ मध्ये त्याने हालचाल केलीच होती. छोटी होती, पण आहे आपल्याच हद्दीत, आपल्या देशातला एकमेव जिवंत ज्वालामुखी. तो उद्या जोरात उठला तर बातमी डार्विनहून येणार, आणि पोर्ट ब्लेअरला तर एकच विमानतळ, अडकलेल्या माणसाला दुसरी वाट म्हणजे दोन-तीन दिवसांचं जहाज. तिथल्या लोकांना आणि इथून सहलीला गेलेल्यांना काय सांगायचं, कोणी सांगायचं, ते ठरलेलं असायला हवं.

आता प्रवाशाच्या खिशाबद्दल, कारण याची चर्चा कोणी करत नाही. राखेमुळे फ्लाइट रद्द झाली तर नुकसानभरपाई मागू नये हे मला पटतं, तो कंपनीचा दोष नाही, आणि भरपाईची भीती घालून कोणाला राखेत उडायला लावणं त्याहून वाईट. पण राहण्या-खाण्याचं काय? युरोपच्या न्यायालयाने जानेवारी २०१३ मध्ये, त्याच आइसलँडच्या राखेच्या केसमध्ये स्पष्ट सांगितलं की असाधारण परिस्थिती असली तरी अडकलेल्या प्रवाशाची जेवणाची-राहण्याची काळजी कंपनीने घ्यायलाच पाहिजे, किती दिवस झाले तरी. आपल्याकडे मेहुण्याला आणि त्या उमराहवाल्या म्हाताऱ्या माणसांना पहाटेपर्यंत खुर्च्यांवर बसवून ठेवलं, नंतर कोणीतरी पाण्याच्या बाटल्या आणल्या. डीजीसीएने आपल्या प्रवासी नियमांत ज्वालामुखीची राख नाव घेऊन टाकावी आणि भरपाई नाही पण जेवण, झोपायची सोय, आणि पैसे परत किंवा पुढची फ्लाइट यातलं काय पाहिजे ते प्रवाशाने निवडायचं, असं स्वच्छ लिहावं. गल्फला जाणाऱ्या कामगाराचा एक दिवस उशीर म्हणजे कधी कधी व्हिसाची तारीख जाते. त्याच्या मालकाला दाखवायला त्याच्याकडे एक कागद पाहिजे, त्यावर लिहिलेलं पाहिजे की अमुक तारखेला राखेमुळे उड्डाण रद्द. ‘ऑपरेशनल रीझन’ लिहिलेला मेसेज दाखवून मस्कतला कोण ऐकून घेणार?

कंपन्यांना एक विनंती. तुमच्या सिस्टिममध्ये कारणांची जी यादी आहे तिच्यात एक ओळ वाढवा, ज्वालामुखीची राख. आणि मेसेजमध्ये आयएमडीच्या नकाशाची लिंक जोडा. याला खर्च किती येतो ते तुम्हीच सांगा. काउंटरवरच्या पोरांना एक पानभर माहिती द्या, राख म्हणजे काय, विमान का जात नाही, पुढचा अंदाज किती वाजता येणार. माणसाला कारण कळलं की तो थांबतो, आपले लोक काही वाईट नाहीत. त्याला चिडवतं ते अंधारात ठेवणं.

डीजीसीएला शेवटची एक गोष्ट मागतो. नोव्हेंबरच्या त्या तीन दिवसांचा अहवाल करून जनतेसमोर ठेवा. किती विमानांनी वास किंवा धूर कळवला, किती इंजिनं उघडून बघितली, त्यात काही सापडलं का, तुलूझचा अंदाज आणि प्रत्यक्ष यात किती फरक पडला, मुंबईहून सिग्मेट किती वाजता निघाला आणि पहिल्या कंपनीने मार्ग किती वाजता बदलला. काही सापडलं नसेल तर उत्तम, ते पण लिहा. अपघात झाला की अहवाल येतो, इथे अपघात टळला आहे आणि तो कसा टळला हे लिहून ठेवलं तर पुढच्या ड्यूटीवरच्या माणसाला उपयोग होईल. तो तिथे तीन वर्षांनी बसला असेल, नवीन असेल, रात्री दोन वाजता त्याच्या स्क्रीनवर तुलूझचा संदेश येईल आणि त्याला आधी काय केलं होतं ते शोधायला फाइल लागेल.

नकाशाचं पान मराठीत करायचं असेल तर मजकूर लिहून द्यायला, तपासून द्यायला मी आणि माझे दोन-तीन भूगोलवाले मित्र तयार आहोत, पैसे नकोत. पहिल्यांदा मुंबईच्या वाट्याच्या आकाशापुरतं सुरू केलं तरी चालेल, बाकीची शहरं मागून येतील. या पत्राची प्रत मी दोन्ही कार्यालयांना स्पीड पोस्टाने पाठवतोय, पोच आणि उत्तर आलं की आमच्या गल्फवाल्यांच्या ग्रुपवर जसंच्या तसं टाकणार आहे.

कळावे,

आपला,
रत्नागिरी जिल्ह्यातला एक शिक्षक